शहरापुरती विजेची छोटी मोटार : मराठवाड्यातून पाहिलेली पार्श्वभूमी

विजेवर चालणारी मोटार ही गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गोष्ट वाटत असली, तरी १८९७ मध्येच न्यूयॉर्क आणि लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या टॅक्सी धावत होत्या. पुढे फोर्डच्या ‘मॉडेल टी’मुळे पेट्रोलची मोटार स्वस्त झाली, १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आल्याने हाताने हँडल मारण्याचा त्रासही संपू लागला आणि विजेची मोटार मागे पडली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ‘सिटीकार’ नावाची दोन आसनी गाडी निघाली, पण तीही काही वर्षांतच बंद झाली.

भारतात १९९३ मध्ये ‘लवबर्ड’ ही दोन आसनी गाडी आली आणि फारशी न खपताच गेली. खरा प्रयत्न म्हणावा तो बेंगळुरूच्या ‘रेवा’चा. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये बाजारात आलेली ही गाडी लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालत असे. एका चार्जिंगमध्ये ती सुमारे ८० किलोमीटर जाई आणि पूर्ण चार्जिंगला आठेक तास लागत. लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने तिला गिऱ्हाईक मिळाले. मराठवाड्यात मात्र ती रुजली नाही. त्याचा सगळा दोष गाडीवर टाकणे मला योग्य वाटत नाही. २००५ च्या पुढची काही वर्षे महाराष्ट्राने कडक भारनियमन सोसले आणि त्याची झळ मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांना अधिक बसली. पिठाची गिरणी केव्हा चालू करायची हे जिथे भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरत होते, तिथे सलग आठ तास वीज मागणारी मोटार कोण घेणार होते? वीज तयार करणाऱ्या परळीच्या औष्णिक केंद्राचीही परवड झाली; पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ मध्ये तेथील वीजनिर्मिती थांबवावी लागली. शिवाय परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, आणि अशा उष्णतेत लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

‘रेवा’ २०१० मध्ये महिंद्रकडे गेली आणि २०१३ मध्ये तिच्या जागी लिथियम-आयन बॅटरीची ‘ई-टू-ओ’ आली. त्याच वजनात कितीतरी अधिक ऊर्जा साठवणारी ही बॅटरी हाच या इतिहासातील निर्णायक बदल होय. धोरणाची जोड नंतर मिळाली : ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि २०२१ मध्ये राज्याचे सुधारित धोरण जाहीर झाले.

या टप्प्यावर छत्रपती संभाजीनगरने, तेव्हाच्या औरंगाबादने, जे केले ते आवर्जून नोंदवायला हवे. २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज खरेदी करून देशभर गाजलेल्या या शहरातील उद्योजक आणि व्यावसायिकांनी २०२२ मध्ये तीच एकत्र खरेदीची रीत विजेच्या मोटारींसाठी वापरली आणि अडीचशेच्या आसपास गाड्यांची मागणी नोंदवली. वाळूज ते शेंद्रा हे शहराच्या दोन टोकांच्या औद्योगिक वसाहतींमधले अंतर तीसेक किलोमीटरचे आहे. रोजच्या जाण्यायेण्याला मोठ्या बॅटरीची गरज नाही, हे इथल्या माणसाला हिशेब मांडून सांगावे लागत नाही.

त्या खरेदीत मोठ्या गाड्याही होत्या. खऱ्या अर्थाने छोट्या, परवडणाऱ्या गाड्या त्यानंतर आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘टियागो ईव्ही’ ८.४९ लाख रुपयांपासून जाहीर झाली, तर २०२३ मध्ये ‘कॉमेट’ आली. तीन मीटरपेक्षा आखूड असलेल्या ‘कॉमेट’ची १७.३ किलोवॉट-तासांची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते. २०२४ मध्ये बॅटरीची किंमत वेगळी काढून ती गाडी ४.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे अडीच रुपये, अशी योजना निघाली. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरमधील नियोजित वाहन कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, आणि ‘कॉमेट’ बनवणाऱ्या कंपनीत भागीदार असलेल्या जेएसडब्ल्यू समूहाचा विजेच्या वाहनांचा प्रकल्पही शहराजवळच्या बिडकीनसाठी जाहीर झाला.