टेहळणी गस्त आणि लढाऊ गस्त

पुण्यात ‘रेकी’ हा शब्द दोन ठिकाणी वाचायला मिळतो : हात ठेवून आजार बरे करण्याच्या वर्गांच्या पाटीवर, आणि चोरट्यांनी बंगल्याची रेकी केल्याच्या बातमीत. सैन्यातली रेकी, म्हणजे टेहळणी, या दुसऱ्या अर्थाला जवळची आहे. मात्र सीमेवरच्या बातमीत नुसते ‘गस्ती पथक’ असे छापून आले, की ते पाहायला गेले होते की लढायला, हे वाचकाला उमगत नाही. दोन्ही प्रकारची पथके शत्रूची माहिती घेऊनच परततात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

टेहळणी गस्तीत बहुधा तीन ते सहा जण असतात. पाहून यायचे, ऐकून यायचे आणि आपण येऊन गेल्याची चाहूलही शत्रूला लागू द्यायची नाही, हे तिचे काम. शस्त्रे असतात, पण ती गाठ पडलीच तर निसटण्यापुरती. निघण्यापूर्वी खिशातली खासगी पत्रे काढून ठेवली जातात, नकाशावर आपल्या मोर्च्यांच्या खुणा राहिलेल्या नाहीत ना हे पाहिले जाते, आणि प्रत्येकाला जागच्या जागी उड्या मारायला लावून अंगावरचे काही वाजते का, हे ऐकले जाते. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या एका सरावात आम्ही अंधारात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीकडे सरकत होतो, तेव्हा माझी अर्धी भरलेली पाण्याची बाटली प्रत्येक पावलाला डचमळत होती. पहारेकरी झालेल्या मित्राला आम्ही दिसलो नव्हतो, ऐकू आलो होतो. बाटली काठोकाठ भरावी नाहीतर पार रिकामी करावी, हे मला त्यानंतर कुणी सांगावे लागले नाही.

अंधाराला डोळे सरावायला सुमारे अर्धा तास लागतो आणि काडी पेटवली की ती मेहनत वाया जाते; अंधारातली वस्तू सरळ रोखून पाहण्यापेक्षा किंचित बाजूला नजर ठेवली तर ती अधिक स्पष्ट दिसते. लक्ष्याच्या अलीकडे गस्त थांबते, बाकीचे तिथे दबा धरून बसतात आणि दोघे पुढे जाऊन एकाऐवजी दोन-तीन बाजूंनी कानोसा घेतात : माणसे किती, काय करीत आहेत, हत्यारे कोणती, पहारा किती वाजता बदलतो, काटेरी तारा कुठे विरळ आहेत. परतीची वाट वेगळी असते, आणि परवलीचा शब्द विसरला तर आपल्याच पहारेकऱ्याची गोळी लागण्याचा धोका असतो. परतल्यावर, झोपण्याआधीच, प्रत्येकाकडून तपशील काढून घेतले जातात, कारण ‘पाहिले’ आणि ‘वाटले’ यांची सरमिसळ झोपेनंतर फार लवकर होते. नाल्यात कुणीही नव्हते, ही सुद्धा माहितीच असते, आणि ती सांगायला नवखे जवान हमखास विसरतात.

लढाऊ गस्त मोठी असते, अनेकदा प्लाटूनएवढी, म्हणजे तीसेक जणांची. तिच्यात चढाई करणारे, हलक्या मशिनगनने आडोसा देणारे आणि शत्रूची कुमक अडवणारे असे गट आधीच ठरलेले असतात; तोफखान्याचा माराही आधीच आखून ठेवलेला असतो. दबा धरून छापा घालणे किंवा कैदी पकडून आणणे ही तिची कामे. पहिल्या महायुद्धात खंदकांवर रात्री घातलेल्या छाप्यांमागे समोर कोणती पलटण आहे हे कैद्याकडून कळावे, असा हेतू अनेकदा असे. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगण्याचे बंधन असते. पण त्याच्या खांद्यावरची पट्टी आणि खिशातले कागद बरेच काही बोलतात.

माझ्या मते खरा फरक संख्येत वा शस्त्रांत नाही. लढाऊ गस्तीने आणलेली माहिती शत्रूच्या देखत आणलेली असते. आपला माणूस पकडला गेला, हे कळताच शत्रू पहाऱ्याच्या वेळा बदलतो, मशिनगन हलवतो, आणि ती माहिती सकाळपर्यंत शिळी होऊ लागते. टेहळणी गस्तीची माहिती त्याला ठाऊक नसल्यामुळेच टिकते. म्हणूनच टेहळणीला गेलेल्यांनी सोपे सावज दिसले म्हणून गोळी झाडणे हा पराक्रम नसून चूक ठरते.

प्रत्यक्षात या दोन गस्तींमधली सीमारेषा शत्रूही पुसू शकतो. मे १९९९च्या सुरुवातीला बटालिक भागातल्या मेंढपाळांनी घुसखोर पाहिल्याची खबर दिली आणि त्यानंतर कारगिलच्या शिखरांकडे गस्ती निघाल्या. काकसर भागात १५ मे रोजी कॅप्टन सौरभ कालिया आणि ४ जाट पलटणीचे पाच जवान चकमकीत दारूगोळा संपल्यावर वेढले जाऊन पकडले गेले. पुढे परत आले ते त्यांचे मृतदेह. वर दबा धरून बसलेला शत्रू सहा जणांच्या गस्तीला लढायला भाग पाडतो, तेव्हा तिच्या पाठीशी ना आडोशाची मशिनगन असते, ना आधी आखलेला तोफमारा.

जाता जाता आणखी एक घोळ. गणवेशात शत्रूच्या हद्दीत शिरून माहिती काढणारा सैनिक १९०७च्या हेग नियमांच्या २९व्या कलमानुसार हेर ठरत नाही. पकडला गेल्यास तो युद्धकैदीच असतो, मग त्याची गस्त टेहळणीची असो वा लढाऊ. वेषांतर करून मुलखात वावरणारे म्हणून परंपरेने ज्यांची आठवण काढली जाते, ते शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक नजरबाज होते, म्हणजे हेर; त्यांचे काम या दोन्ही गस्तींच्या हिशोबात बसत नाही.