पार्श्वभूमी : घरी बनवलेल्या गाडीत इंजिन बसवायचं कुठे

कडुनिंबाच्या जाड फांदीला चेन-पुली, पुलीला गिअरबॉक्ससकट टांगलेलं मारुती ८०० चं इंजिन, खाली चौकोनी पाइपांची चासी आणि भोवती सहा जण. विदर्भात तालुक्याच्या गावाबाहेरच्या एखाद्या गॅरेजात हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. पुली खाली सोडायची वेळ आली की वादाला तोंड फुटतं. पुढे बसवायचं की मागे? वाद जुना आहे. आणि माझ्या मते तो मुळात इंजिनाचा नाहीच, गिअरबॉक्सचा आहे.

फार मागे जायचं कारण नाही. १८८६ ची बेंझची तीनचाकी इंजिन मागे घेऊन धावली. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये ते पुढे आलं, चाल, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मात्र मागच्या चाकांना राहिली, आणि पुढची कित्येक दशकं बहुतेक गाड्या त्याच वळणावर गेल्या. घरी गाडी जोडणाऱ्यांचा आदर्श ठरलेली लोटस सेव्हन १९५७ ची, तिचंही इंजिन पुढे. इंग्लंडात तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. सुटे भाग आणून घरी जोडायची किट कार तिथे फोफावली ती या फटीतून. १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीत चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली कूपर जिंकली. १९६० नंतर तर पुढे इंजिन असलेल्या गाडीने फॉर्म्युला वनच्या विजेतेपदाची एकही शर्यत जिंकलेली नाही. ‘मागचं इंजिन म्हणजे रेसिंग’ हे डोक्यात बसलं ते तिथून.

आपल्याकडे अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप होत्या तोवर प्रश्नच नव्हता. इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्स, मग जोर मागे नेणारा लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट आणि मागे तो दोन्ही चाकांना वाटून देणारं डिफरेन्शियल. यातलं काही हलवायचं म्हणजे सगळंच हलवायचं. लिलावातली जीप घेऊन तिची बॉडी बदलणारे तेव्हाही होते, पण इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनला कोणी हात लावत नसे.

फाटा फुटला १९८३-८४ मध्ये. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या वर्षी मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी. दोन्हींत तेच तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. पण ८०० मध्ये ते आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच गठ्ठ्यात, चाल पुढच्या चाकांना. ओम्नीत तेच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, पुढच्या सीटखाली, चाल शाफ्टने मागच्या चाकांना. पंधरा-वीस वर्षांनी या गाड्या भंगारात येऊ लागल्या तेव्हा दोन घराणी तयार झाली. ज्याला ओम्नी मिळाली तो सेव्हनच्या वळणाची गाडी करणार, इंजिन पुढेच. ज्याला ८०० मिळाली त्याच्यापुढे पेच. पुढच्या चाकांना चाल देणारी लांब नाकाची स्पोर्ट्स कार त्याला नको असते, म्हणून तो अख्खा गठ्ठा उचलून सीटच्या मागे ठेवतो. परदेशी कंपन्यांनीही हेच केलं होतं. १९७२ ची फियाट एक्स वन-नाइन आणि १९८४ ची टोयोटा एमआर-टू याच युक्तीवर उभ्या आहेत. तेव्हा जागा ठरते ती भंगारवाल्याकडे कोणती गाडी आधी आली त्यावर. तत्त्वाची भाषा मागाहून येते.

या भाषेतला सगळ्यात गुंत्याचा शब्द म्हणजे ‘मिड’. जुने मिस्त्री तो वापरत नाहीत. त्यांच्या लेखी तीनच जागा: पुढचं, सीटखालचं, मागचं. ‘मिड इंजिन’ गावात आणला इंजिनीअरिंगच्या पोरांनी. ऑल-टेरेन गाड्यांची आंतरकॉलेज स्पर्धा २००७ पासून सुरू झाली, नागपूर-अमरावतीकडच्या कॉलेजांचे संघ पिथमपूरला जाऊ लागले. त्या गाड्यांत सगळ्यांना एकसारखं एक सिलिंडरचं इंजिन, चालकाच्या पाठीमागे. सुटीत घरी आलेला पोरगा चासीकडे बघून विचारतो, ‘काका, मिड करताय का रिअर?’ काका आपले बुचकळ्यात.

काटेकोर अर्थ सोपा आहे. इंजिनाचं वजन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये पडलं तर मिड, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लोंबलं तर रिअर. चालक कुठे बसतो याचा त्याच्याशी संबंध नाही. या हिशेबाने पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं सेव्हनचं इंजिनही मिड ठरतं, त्याला ‘फ्रंट-मिड’ म्हणतात. ओम्नीसुद्धा त्याच माळेत येते, जिला आपण लग्नाचं वऱ्हाड, भाजीचे कट्टे आणि शाळेची पोरं भरून पळवली. हे सांगितलं की मागे इंजिन ठेवणाऱ्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांच्या लेखी मिड म्हणजे इटालियन काहीतरी.

खरं तर ज्याने बंडी हाकली त्याला हा शब्द शिकवायची गरज नसावी. कापसाचा भार मागे गेला की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त झाला की मानेवर ओझं. गाडीत मानेच्या जागी पुढची चाकं. मागून जड गाडी ओल्या काळ्या मातीत जोर चांगला धरते, पण वळणावर पुढची चाकं ऐकत नाहीत, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते.

पण किती जड, हे कोणी मोजत नाही. ८०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २१७५ मिमी. तोच धरला, इंजिन-गिअरबॉक्सचा गठ्ठा १०० किलोचा मानला आणि तो ३०० मिमी म्हणजे फूटभर मागे सरकवला, तर पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातात जेमतेम १४ किलो. पिशवीभर ज्वारी इकडची तिकडे म्हणा ना. त्याच गाडीत ७० किलोचा माणूस सीट तेवढीच सरकवून बसला तर दहाएक किलो हलतात. चार बोटं पुढे की मागे यावर दोन संध्याकाळी घालवणाऱ्यांनी हा गुणाकार-भागाकार एकदा वहीत करावा. अख्खा गठ्ठा सीटच्या पुढून मागे नेणं ही वेगळी गोष्ट, तिथे फरक मोठा पडतो.

जागेपेक्षा जास्त घात करतात ते कोन. ओम्नीवाल्यांकडे गिअरबॉक्सचा कोन आणि डिफरेन्शियलचा कोन जुळला नाही की शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, थरथरतात आणि लवकर जातात. दोन्ही कोन सारखे हवेत, दोन-तीन अंशांचे. अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी दाबून खड्डे पाडतात. ८०० वाल्यांचं दुखणं निराळं. गठ्ठा नकलसकट (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) मागे गेला की टाय रॉडची, म्हणजे स्टेअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्यांची, टोकं मोकळी राहतात. ती चासीला पक्की बांधावी लागतात, आणि बांधलेला दांडा चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मच्या लांबी-उंचीशी जुळला नाही तर प्रत्येक गतिरोधकावर मागची चाकं आपोआप वळतात.

शिवाय दिशा. गठ्ठा सरळ मागे सरकवायचा, फिरवायचा नाही. आमच्याच कंपूत एकदा कार्ब्युरेटरला हात पुरावा म्हणून तो उलट तोंड करून बसवला. फाउंडेशन वेल्ड झालं, होज पाइप जोडले, नारळ फुटला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी शांतपणे मागच्या पऱ्हाटीत. चार गिअर मागे जायला आणि एक पुढे. ग्राइंडर परत काढावा लागला. त्यातला एक जण अजूनही म्हणतो की ती पार्किंगला झकास होती.

विदर्भातला उन्हाळा या वादात उशिरा शिरला, पण मधल्या काळात पारडं बरंच त्यानेच झुकवलं. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे म्हणजे पाण्याचे दोन लांब पाइप चालकाच्या मांडीजवळून जातात. पाइपाला कुठे उंचवटा राहिला की तिथे हवा अडकते आणि ४५ अंशांच्या दुपारी पाणी उकळायला वेळ लागत नाही. रेडिएटर मागेच ठेवला तर त्याला वारा मिळत नाही, धूळ मिळते. सेव्हनच्या वळणाच्या गाडीलाही इथे सुख नाही. ती खाली बसलेली असते, आणि पांदण रस्त्यावर दोन चाकोऱ्यांमधली माती ऑइल चेंबरला घासते. चेंबर वाचवायला इंजिन वर घ्यावं तर बोनट बंद होत नाही.

कागदांचाही या जागेवर परिणाम झालेला आहे. मूळ चासी आणि मूळ फाउंडेशन ठेवलं की जुन्या आरसी बुकावर गाडी चालते, अशी समजूत वर्षानुवर्षं पसरलेली होती, आणि इंजिन पुढेच राहू देण्यामागे ती मोठं कारण होती. १९८८ चा मोटार वाहन कायदा मात्र बदलांच्या बाबतीत कडक आहे. त्याच्या ५२ व्या कलमाखाली उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अगदी नव्याने बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी नमुना चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, तो खर्च हौसेचा राहत नाही. त्यामुळे या गाड्या वावरात, धुऱ्याच्या कडेने आणि कॉलेजच्या आवारातच फिरतात. कायद्याचा हेतू बरोबर आहे. एकट्याने एकच गाडी बनवणाऱ्यासाठी त्यात दार ठेवलेलं नाही, हे मात्र खुपतं.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. कार्ब्युरेटरचं धड इंजिन आता भंगारात क्वचितच सापडतं, आणि इंजेक्शनचं घेतलं तर वायरिंगचं जंजाळ सोबत येतं. म्हणून नवी पोरं ई-रिक्षाच्या मोटरकडे वळली आहेत. मोटर मागच्या ॲक्सलवरच, डिफरेन्शियलला जोडलेली. तिची जागा ठरवायचा प्रश्न नाही. ठरवायची ती बॅटऱ्यांची. १२ व्होल्टच्या चार, मिळून शंभर किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास जुन्या गठ्ठ्याइतकंच वजन. मागच्या महिन्यात पाहिलेल्या एका चासीवर दोन बॅटऱ्या सीटखाली आणि दोन बोनटमध्ये ठेवून पाहिल्या होत्या. पुढच्या जोडीची जाड केबल अजून जोडलेली नव्हती, कारण मालकाच्या भावाला चारही मागे हव्या होत्या.