काचेतलं लेकरू

काचेतलं लेकरू : अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे म्हणून रुग्णालयात ठेवावे लागलेले नवजात बाळ, ग्रामीण विदर्भातील बोलीतला शब्द. ‘पेटीत ठेवलं’ असेही म्हणतात. गर्भारपणाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, तर २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेले बाळ कमी वजनाचे मानतात. सरकारी कक्षांत अशी बाळे पुष्कळदा बंद पेटीत नसतात, तर वरून ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली उघडी निजवलेली असतात. काच असते ती दाराला, आणि आईबाप तिच्या बाहेर उभे असतात. ही नोंद त्या आईबापांविषयी आहे.

या कक्षाला एसएनसीयू, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्ष म्हणतात. तो मुख्यतः जिल्हा व स्त्री रुग्णालयांत असतो, त्यामुळे बाळाला गावापासून दूर न्यावे लागते. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तेही घाटाच्या रस्त्याने. बाळ १०८ च्या गाडीतून पुढे जाते आणि सिझर झालेली आई पुष्कळदा तालुक्यालाच राहते. अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस बाप किंवा आजी हेच बाळाचे सगळे पालक. कागदांवर सह्या करायच्या, औषधाच्या चिठ्ठ्या सांभाळायच्या आणि तिकडे आईला फोनवर धीरही द्यायचा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे उपचार, औषधे व वाहन सरकारी रुग्णालयात मोफत आहे. बुडालेली मजुरी मात्र त्यात भरून येत नाही. बाळंतपण कापूस वेचणीच्या दिवसांत आले, तर बाप चार दिवसांनी वावरात परततो आणि आजी व्हरांड्यात चटई टाकून राहते. आईला प्रवास झेपण्यासारखा असेल, तर तिला बाळासोबतच पाठवावे. या साऱ्या व्यवस्थेत एवढी एक गोष्ट सुधारली, तरी पुढचे बरेच सोपे होते.

‘सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही’ ही समजूत अजून ऐकू येते. ती चूक आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाची फुप्फुसे, आतडी आणि मेंदू पक्के करतो, म्हणून आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सावरण्याची शक्यता जास्त. या एका म्हणीपायी घरातली वडीलधारी माणसे डॉक्टरांच्या आधीच आशा सोडतात, आणि त्याचा भार ओल्या बाळंतिणीवर पडतो.

काचेबाहेर असताना आईच्या हाती असलेले पहिले काम दुधाचे. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोवर नळीने, मग वाटी-चमच्याने पाजतात. बाळ अंगावर नसल्याने दूध आटते, म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढावे लागते. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकत नाही आणि बाईला शरम वाटते. पण किलोभर वजनाच्या बाळाला सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटरच लागते आणि तो पिवळसर चीक जंतूंपासून राखण करतो. घुटी, मध, गूळपाणी, शेळीचे दूध यांतले काहीही प्रेमापोटीसुद्धा देऊ नये. कच्ची आतडी ते सोसत नाहीत.

दुसरे काम छातीशी धरण्याचे. कांगारू पद्धतीची ही काळजी कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. वॉर्डात तिला ‘केएमसी’ (कांगारू मदर केअर) म्हणतात. टोपरे, मोजे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ आईच्या दोन स्तनांमध्ये उभे धरतात, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, मान किंचित वर. वरून साडी किंवा ओढणी गुंडाळतात. एकदा घेतले की निदान तासभर तरी ठेवावे, कारण सारखी उचलठेव बाळाला शिणवते. आईच्या अंगाच्या उबेने बाळ तापमान धरते, श्वास एकसारखा होतो आणि दूधही वाढते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात (भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय) बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच ही काळजी सुरू केल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी दिसले. आई नसेल तेव्हा बाप, आजी, मावशी कोणीही चालते. ज्या घरात दहा दिवस बाळंतिणीचा विटाळ पाळतात, त्याच घरातला तरणा बाप शर्टाची बटणे सोडून लेकरू छातीशी घेतो, तेव्हा घरातले बरेच काही मुकाट बदलते.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार हात धुणे, गाऊन घालणे, पुसणे, पाजणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे आईबापांना शिकवून त्यांना कक्षात घ्यायचे असते. आत जाताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्या लागतात. नव्या बाळंतिणीला बांगड्या उतरवणे अशुभ वाटते. जी सिस्टर आधी जंतूंचे कारण समजावते, तिचे ऐकले जाते. रोजच्या वजनाचाही असाच धसका असतो. पहिल्या आठवड्यात बाळ दहा टक्क्यांपर्यंत किंवा थोडे अधिकही घटते, आणि ‘लेकरू सुकलं’ म्हणून घरचे त्याला सोडवून न्यायला निघतात. ही घट अपेक्षित असते, हे दाखल करतानाच सांगायला हवे.

सुटी झाल्यावर आशाताई घरी येतात. घरपोच नवजात सेवेची ही कल्पना विदर्भातलीच. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून ती सिद्ध केली; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. दोन किलोंखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळांचा त्याहून आधी, तपासून घ्यावा लागतो. घरी नेले, दूध पिऊ लागले, आता कशाला पुन्हा जिल्ह्याला जायचे, या विचाराने ही फेरी चुकते आणि वेळेवर उपचार मिळाला असता तर वाचू शकणारी नजर जाते. वाढ पाहताना वय जन्मतारखेपासून नव्हे, तर भरल्या दिवसांच्या तारखेपासून धरतात : दोन महिने आधी आलेले लेकरू सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखे वागेल. लसी मात्र साधारणपणे जन्मतारखेनेच द्यायच्या.