खाणीच्या कपारीतले शृंगी घुबड

दगडखाणीच्या उभ्या कड्याखाली कधीकधी अंगठ्याएवढा, राखाडी, वाळलेला गोळा सापडतो. तो पाण्यात भिजवून चिमट्याने हलकेच सोडवला, की केसांच्या गुंत्यातून घुशीचा जबडा आणि केशरी झाक असलेले पटाशीचे दात बाहेर येतात. शृंगी घुबडाने भक्ष्याचा न पचलेला भाग ओकून टाकलेला असतो, तोच हा गोळा. वर पाहिले तर एखाद्या कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. पक्षी प्रत्यक्ष दिसला नाही, तरी तो इथे बसतो आणि काय खातो, याचा पुरावा हाती आलेला असतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून घडलेला काळा पाषाण मुंबईच्या परिसरात पारसिकच्या डोंगरापासून कांदिवलीपर्यंत ठिकठिकाणी फोडला गेला. त्यातून खडी निघाली आणि मागे उरले उभे कडे व पाणी साचणारे खड्डे. अशा जागेला उजाड म्हणून निकालात काढणे मला घाईचे वाटते, कारण कड्यांवर घुबडे आणि पाकोळ्या, तर खड्ड्यांत टिबुकल्या आणि चतुर वस्ती करतात.

2006 च्या पर्यावरणीय मंजुरीविषयक अधिसूचनेनुसार ज्या खाणींचा सविस्तर अभ्यास होतो, त्यांच्यासाठी साधारणपणे सभोवतालच्या 10 किलोमीटर परिघातील वनस्पती आणि प्राणी नोंदवले जातात. तुर्भ्याच्या डोंगरापासून हा परीघ आखला, तर त्यात ठाण्याच्या खाडीचा रोहितपक्ष्यांचा पट्टाही येतो. परिघाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती काळाबद्दल. ही पाहणी बहुधा एकाच ऋतूत, तीही पावसाळा वगळून, करण्याची मुभा असते. कोकणपट्टीत पावसाळा वगळणे म्हणजे बेडकांची वीण, गवताळ उतारांवरची अल्पायुषी रानफुले आणि तात्पुरत्या डबक्यांवर जगणारे कीटक नोंदीतून वगळणे होय. पहिल्या मोठ्या पावसानंतर भारतीय बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होऊन डबक्यांत ओरडू लागतात. मार्चमध्ये त्याच खड्ड्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तिथे भेगाळलेल्या चिखलाशिवाय काही दिसत नाही. त्याच्या तक्त्यात मग ‘आढळला नाही’ असे लिहिले जाते आणि पुढे वाचणारा त्याचा अर्थ ‘इथे नाही’ असा घेतो.

या दोन अर्थांमधले अंतर मोजण्यासाठीच पाहणीशास्त्राने पद्धती घडवल्या आहेत. बिबट्याचे उदाहरण घ्या. त्याच्या दोन्ही कुशींवरच्या ठिपक्यांची नक्षी वेगवेगळी असते, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. समजा, पहिल्या फेरीत 6 बिबटे ओळखले गेले, दुसऱ्या फेरीत 5 टिपले गेले आणि त्यांतले 3 आधीचेच निघाले. मधल्या काळात कोणी आले-गेले नाही असे धरले, तर 6 गुणिले 5 भागिले 3, म्हणजे सुमारे 10 बिबटे असावेत असा अंदाज निघतो, जरी प्रत्यक्षात 8 च दिसलेले असतात. वनस्पतींसाठी ठरावीक मापाचे चौकोन आखतात, तर वटवाघळांसाठी माणसाला न ऐकू येणारे आवाज टिपणारी यंत्रे रात्रभर ठेवतात. यासोबत खाणीपासून दूरचा, तशाच उताराचा आणि तशाच झाडोऱ्याचा दुसरा डोंगरही पाहावा लागतो, नाहीतर पाने कोमेजली ती क्रशरच्या धुळीने की कमी पावसाने, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

घुबडासाठी मात्र हिवाळ्यातच जायला हवे. शृंगी घुबडाची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते आणि सुरुंगाचे हादरे त्याला याच दिवसांत सर्वाधिक जाचतात. ते घरट्यासाठी काड्या गोळा करत नाही; कपारीतल्या मातीत उथळ खळगा करून त्यातच अंडी घालते. पिल्ले तिथून बाहेर पडली, की खुणेपुरते उरतात ते पायथ्याचे गोळे आणि कड्यावरचे पांढरे ओघळ, आणि जूनच्या पहिल्या दोन-चार जोरदार सरींत तेही धुऊन जातात.