संवादात शब्द फक्त ७ टक्के? एक खुलासा

पुण्यात पटकथेच्या कार्यशाळांत हमखास ऐकू येतं: बोलण्यात शब्दांचा वाटा ७ टक्केच, ३८ आवाजाचा, ५५ चेहऱ्याचा. हे चूक आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून हे आकडे आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एकात चेहऱ्यांचे फोटोही दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. संभाषण नव्हतंच!

लेखकाच्या कामाची आहे ती शब्द आणि सुरातली विसंगती. सदाशिव पेठेतलं घर, रात्रीचे साडेअकरा. ताटावरचं झाकण न काढता आई मुलाला म्हणते, "जेवून आला असशील." 'असशील'च्या जागी 'आहेस का' घाला, सूर तोच ठेवला तरी टोमणा गेला.