एलडीएल उचलणारे यकृत

फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात सहा वर्षांच्या एका मुलीवर हृदय आणि यकृत अशा दोन्ही अवयवांचे प्रत्यारोपण एकाच वेळी झाले. हृदय निकामी होत आले होते, त्यामुळे ते बदलणे भागच होते. यकृत मात्र वरकरणी धडधाकट होते. तरीही ते बदलले, कारण तिच्या रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरला हजार मिलिग्रॅमच्या घरात पोचले होते. नवे यकृत बसल्यावर ते दोनशेच्या खाली आले. पथ्यपाण्याने एवढी घट कधीच झाली नसती.

कोलेस्टेरॉल मेणासारखे असते, पाण्यात विरघळत नाही. पण पेशींचे आवरण, पित्तरस, ड जीवनसत्त्व आणि कितीतरी संप्रेरके त्याच्याशिवाय तयार होत नाहीत. म्हणून यकृत ते प्रथिन आणि स्निग्ध पदार्थांच्या बारीक कणांत बांधून रक्तात सोडते. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी कणातली चरबी काढून घेतात. मागे उरतो तो कोलेस्टेरॉलने भरलेला एलडीएल कण.

हा कण परत उचलायचा कोणी? अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात याचे उत्तर शोधले. या मुलीसारखाच आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून त्यांनी दाखवले, की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलला धरणारे रिसेप्टर असतात आणि या मुलांच्या पेशींवर ते जवळजवळ नसतात. रिसेप्टर कणाला पेशीत नेतो, तिथे सोडतो आणि माल उतरवून निघालेल्या टेम्पोसारखा पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला दहाएक मिनिटे लागतात. रक्तातले बहुतेक एलडीएल अशा रीतीने यकृतच उचलते. १९८५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

रिसेप्टर कमी असले की एलडीएल रक्तात रेंगाळते. मग ते धमनीच्या आतल्या थरात शिरते आणि अडकते. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून तिथेच साचतात आणि वर्षानुवर्षे थर वाढत राहतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि झटका येतो. म्हणून एलडीएल किती आहे याइतकेच ते किती वर्षे वाढलेले आहे हेही महत्त्वाचे.

जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, मिळवले. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, पण खरा फायदा पुढे होतो. टंचाई जाणवलेल्या यकृताच्या पेशी पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर आणतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. औषध बंद केल्यावर आकडा पुन्हा का चढतो, ते यावरून कळते.

याच साखळीत पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन आहे. ते रिसेप्टर नष्ट करवते. डॅलसमधल्याच शास्त्रज्ञांना काही कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये या प्रथिनाचे जनुक जन्मतःच निकामी आढळले. त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होते, तर हृदयधमन्यांचा आजार मात्र ८८ टक्के कमी. मला हा आकडा फार बोलका वाटतो, कारण ही घट जन्मापासूनची होती.

एचडीएलची, म्हणजे ‘चांगल्या’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलची, गोष्ट इतकी सरळ नाही. ते पेशींतले जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते, हे खरे. पण एचडीएल वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले होते. म्हणून एचडीएल चांगले आहे एवढ्यावर विसंबून वाढलेल्या एलडीएलकडे दुर्लक्ष करू नये.

रिसेप्टरचा हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला, तर आजार सौम्य रूपात दिसतो. तो साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि पुढच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. घरात कोणाला चाळिशी-पन्नाशीतच झटका आला असेल, किंवा टाचेमागच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) जाड गाठी दिसत असतील, तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी करून घ्यावी. मूल बारीक आहे, तेलकट खात नाही, म्हणून ती टाळू नये.