तापलेला दिवस आणि पेटणारा दिवस

नाशिकमध्ये उन्हाळ्याच्या गप्पा एकाच आकड्याभोवती फिरतात: पारा किती? चाळिशी गाठली तर बातमी पहिल्या पानावर, नाहीतर आत कुठेतरी. त्यामुळे रात्री गच्चीवरून डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसली की कुणीतरी म्हणतंच, "ऊनच एवढं पडलंय, पेटणारच." हे मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी ते अर्धवटच खरं असतं. वाळलं गवत पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात. बेचाळीस अंशांचं ऊन तिथवर पोचत नाही, काडी कुणीतरी ओढावीच लागते. ती ओढल्यावर आग विझून जाते की डोंगर खाते, हे मात्र हवेवर असतं. आणि ती हवा पाऱ्यात दिसत नाही.

दोन दिवस शेजारी ठेवून बघा. पहिला मार्चमधला, होळीच्या आसपासचा. कमाल तापमान ३५, म्हणजे नाशिककरांच्या लेखी काहीच नाही. पण ओठ फुटलेले, दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा, आणि दुपारी बारानंतर वारा असा सुटतो की दारं आपटतात. दुसरा दिवस मेच्या अखेरचा. पारा ४०, वारा पडलेला, सदरा पाठीला चिकटलेला, पश्चिमेला ढगांची कड. दुसरा दिवस अंगाला नकोसा होतो. डोंगराला पहिला.

उकाड्याचं आणि वणव्याचं गणित एकमेकांच्या उलट चालतं, ते असं. माणसाला थंड ठेवतो तो वाळणारा घाम. हवेत ओलावा जास्त असला की घाम वाळत नाही आणि तेच तापमान जिवावर येतं. गवताला तोच ओलावा कवच आहे. वाऱ्याची झुळूक आपल्याला बरी वाटते. आगीला तोच वारा प्राणवायू पुरवतो, ज्वाळा पुढच्या कोरड्या गवतावर वाकवतो आणि ठिणग्या पायवाटेपलीकडे नेऊन टाकतो. तापमान दोन्हीकडे मोजलं जातं, पण वणव्याच्या बाबतीत ते बरंचसं मागच्या दाराने येतं: हवेतलं बाष्प तेवढंच राहून तापमान १० अंशांनी वाढलं, तर सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात किती आहे ते) जवळपास निम्मी होते. म्हणून सकाळी निरुपद्रवी वाटणारी टेकडी दुपारी दोनला वेगळीच असते.

हे हाताने बघता येतं. रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला सकाळी सातला कुसळी गवताची एक वाळली काडी बोटावर गुंडाळून पाहा, वाकेल. तीच काडी दुपारी दोनला वाकवलीत तर कट् आवाज करून मोडते. पाऊस नाही, दव नाही, तरी काडी बदलली, कारण वाळलं गवत हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आगीचा अभ्यास करणारे पाव इंचापेक्षा बारीक वाळल्या जळणाला 'एक तासाचं इंधन' म्हणतात: हवा बदलली की तासाभरात ते तिच्याशी बरंचसं जुळवून घेतं. मनगटाएवढ्या फांदीला दिवस लागतात, पडलेल्या ओंडक्याला आठवडे. आपल्याकडच्या उघड्या डोंगरउतारांवर बहुतेक माल या एका तासाच्या वर्गातला. त्यामुळे काल पाऊस शिंपडला होता, या भरवशावर दुपारी राहू नये.

सरकारी इशाऱ्यांतही हा फरक दिसतो. भारतीय हवामान विभागाची 'उष्णतेची लाट' ठरते ती तापमानावर: सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ते ४.५ अंश किंवा जास्त, किंवा मग थेट ४५. या निकषात वाऱ्याचा उल्लेखच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा 'रेड फ्लॅग' इशारा याच्या उलट. न्यू मेक्सिको, ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यांत तो साधारणपणे आर्द्रता १५ टक्के किंवा त्याखाली, वारा ताशी २० मैलांवर म्हणजे ३२ किलोमीटरवर, आणि रानातलं जळण वाळलेलं, या जुळणीवर निघतो. अशी जुळणी पुढच्या दोन-तीन दिवसांत संभवते एवढंच वाटत असेल तर आधी 'फायर वेदर वॉच', तसा दिवस उगवणार याची खात्री झाली की रेड फ्लॅग. नावातल्या लाल रंगामुळे आपल्या 'रेड अलर्ट'शी त्याची गल्लत होते. आपला रेड अलर्ट तीव्रतेची पायरी सांगतो, मग संकट पावसाचं असो वा उन्हाचं. तिकडचा लाल झेंडा फक्त आगीचा.

माझा मावसभाऊ न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला असतो. एकदा एप्रिलमध्ये त्याला मोबाइलवर असा इशारा आला आणि त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीचा लगेच फोन: "अरे, टोपी घालून जा, ऊन लागेल." तो म्हणाला, "आई, अठरा डिग्री आहे, स्वेटर घातलाय." वसंतात त्या भागावरून जेट प्रवाहाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या, लाटा जात असतात, आणि दुपारी तापलेल्या जमिनीमुळे हवा घुसळली गेली की वरचा जोराचा वारा खाली उतरतो. पाऊस नाही, बर्फ वितळून गेलेलं. जुलैत त्यांचाही मान्सून येतो, हो, तेही त्याला मान्सूनच म्हणतात. तोवरचे महिने असेच. वाळवंटात जळायचं काय, असं वाटेल, तर त्याला उत्तर गवत. ॲरिझोनात टूसॉनच्या आसपास निवडुंगांच्या मधल्या मोकळ्या जागा बफेल ग्रासने भरल्या आहेत. हे गवत म्हणजे आपण चाऱ्यासाठी कौतुकाने लावतो ते अंजन. तिथल्या सग्वारो निवडुंगाला आगीची सवयच नाही, आणि ती आग निवडुंगापासून निवडुंगापर्यंत नेण्याचं काम आता हे अंजन करतं.

आपल्याकडे मार्चमधली हवा जमिनीवरून फिरून आलेली, म्हणून कोरडी. मे सरत येतो तसा समुद्रावरचा वारा घाट चढून ओलावा आणू लागतो. पण मार्च-एप्रिल हाच काडी ओढण्याचाही हंगाम. पेठ, सुरगाण्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, जाळलं की गवत जोमाने फुटतं हा समज आहेच, आणि गडावर पार्टी करून चूल तशीच सोडणारे शहरी लोकही आहेत. राबाला सरसकट वणव्याचा बाप म्हणणं मला पटत नाही. पाचोळा बाजूला ओढून, सकाळी वारा पडलेला असताना, माणसं उभी करून भाजलेला राब शेतातच राहतो. तोच दुपारी एकला भाजला तर बांध ओलांडतो, आणि पुढे चढ असेल तर विचारू नका: दर दहा अंश चढामागे आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा अनुभवाचा ठोकताळा आहे. वन विभागही जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, हंगाम तापण्याआधीच जाळून घेतो, ते याच हिशेबाने.

हिशेब चुकला तर काय होतं, ते न्यू मेक्सिकोने २०२२ मध्ये पाहिलं. ६ एप्रिलला सांता फे राष्ट्रीय वनात वन खात्यानेच जंगलातलं जळण कमी करण्यासाठी मुद्दाम लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. जवळच आणखी एक आग उठली, ती जानेवारीत जाळलेल्या फांद्यांच्या ढिगाची. तो ढीग विझला असं धरलं होतं. तो बर्फाखाली धुमसत राहिला होता आणि एप्रिलच्या वाऱ्याने त्याला पुन्हा तोंड फुटलं. २२ एप्रिलच्या भयंकर वाऱ्यात दोन्ही आगी भडकल्या, एकत्र झाल्या आणि शेवटी सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जळालं. त्या राज्याच्या नोंदीतला तो सर्वांत मोठा वणवा, आणि सुरुवात उष्णतेच्या लाटेत नव्हे, गार वसंतात.

आमच्या टेकड्यांवर वणवा विझवायला जाणारी पोरं म्हणूनच रात्रीची वाट बघतात. हवा ओलावते, वारा मंदावतो, आणि हिरव्या फांद्यांनी झोडपलं की गवताची आग मरते. पण परतताना ती प्रत्येक काळ्या बुंध्यापाशी थांबतात, तळहात उलटा धरून ऊब घेतात, लागली तर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथेच ओततात आणि माती सारतात. दुसऱ्या दिवशी अकराला वारा पुन्हा सुटणार असतो.